पायाला पाय

एका माळरानावर, जिथे झाडे मोजकी आणि गवत उदंड होते, तिथे एक हिरवा नाकतोडा राहत असे. मुलांनो, नाकतोड्यात सांगण्यासारखे ते काय, असे तुम्हांला वाटेल. मलाही वाटले असते. तो गात नव्हता, कुणाशी लढत नव्हता, कुणाला शहाणपणही शिकवत नव्हता. सकाळी गवताचे एखादे पाते कुरतडायचे, ऊन चढले की पात्याच्या मागे सरकायचे आणि उन्हे उतरली की पुन्हा पुढे यायचे, एवढाच त्याचा दिवस.

पण एक गोष्ट होती. वाटेत दुसरा नाकतोडा भेटला की दोघेही थबकत. "आधी तुम्ही," हा म्हणे. "छे, छे, आधी तुम्ही," तो म्हणे. मग दोघांतला एक मागे सरे आणि दुसरा अंग चोरून निघून जाई. गवताच्या एका झुबक्यावर एकच नाकतोडा, असा त्यांच्यात रिवाज होता. सणासुदीलाही ते एकत्र जमत नसत. इतर प्राण्यांना याची गंमत वाटे, आणि काहींना थोडा रागही येई. एवढा कसला तोरा, असे ते आपापसांत म्हणत.

त्याच्या झुबक्याच्या बुडाशी एका सशिणीचे बिऱ्हाड होते. तिला तीन पिल्ले होती. नाकतोडा सशिणीला ताई म्हणे, म्हणून पिल्ले त्याला मामा म्हणत. धाकट्या पिल्लाला तर मामा कानावर येऊन बसल्याशिवाय झोप लागत नसे. सशीण चरायला गेली की नाकतोडा सर्वांत उंच पात्याच्या शेंड्यावर बसून आभाळाकडे पाही. घारीची सावली दिसली रे दिसली की मागचा पाय पंखावर घासून करकर आवाज करी. पिल्ले गवतात दडी मारत आणि घार हात हलवत, म्हणजे पंख हलवत, परत जाई.

एकदा सशिणीने त्याला विचारलेच, "का रे, तुम्ही लोक एकमेकांपासून एवढे लांब का असता?"

"आईनं सांगितलंय ताई. मागच्या पायाला कुणाचा पाय लागू द्यायचा नाही. लागलाच तर बाजूला व्हायचं."

"आणि नाही झालं तर?"

"ते तिलाही ठाऊक नव्हतं. तिला तिच्या आईनं सांगितलं होतं."

सशीण हसली. "आमच्याकडेही म्हातारी माणसं असलं काहीबाही सांगतात," ती म्हणाली, आणि पिल्लांचे कान चाटायला लागली. नाकतोडाही हसला. दोघांनाही तो विषय फार महत्त्वाचा वाटला नाही.

मग एके दिवशी कावळा बातमी घेऊन आला. कावळ्याला बातमी सांगताना फार सुख होते, आणि बातमी जितकी वाईट तितके जास्त.

"पलीकडचा माळ गेला," तो म्हणाला.

"गेला म्हणजे?" सशिणीने विचारले.

"गेला म्हणजे गेला. टोळ आले. पिवळेजर्द, अंगावर काळे डाग. आभाळ झाकलं त्यांनी. खाली उतरले आणि गवताचं एक पातं शिल्लक ठेवलं नाही. झाडांच्या सालीसुद्धा सोडल्या नाहीत. हरणं पोटाला काही नाही म्हणून कुठल्या कुठे पांगली." एवढे बोलून कावळ्याने मान वाकडी केली आणि पात्यावर बसलेल्या नाकतोड्याकडे एक डोळा लावला. "आणि एक सांगू का? तोंडावळा अगदी ह्याच्यासारखा."

झाले. माळावर दुसरे बोलणेच उरले नाही. कालपर्यंत ज्याच्याकडे कुणी ढुंकून पाहत नव्हते त्या नाकतोड्याकडे सगळे रोखून पाहू लागले. तो पाते कुरतडू लागला की शेजारून कुणीतरी म्हणे, "बघा, बघा, कसा खातोय." शेवटी माळाच्या कडेला जो जुना वड होता, त्याच्याखाली सभा बोलावण्यात आली.

सभेत पहिले बोलले एक म्हातारे साळिंदर. ते जन्मभर एकटे बिळात राहिले होते आणि आपल्या काट्यांचा त्याला फार अभिमान होता. ते म्हणाले, "रक्त बघा, रक्त. टोळ काय आभाळातून पडले? नाकतोड्यांचेच भाऊबंद ते. माझे काटे कुणी मला शिकवले का? जन्माला येतानाच घेऊन आलो. तसंच ह्यांचं आहे. आज गरीब दिसतात, उद्या मूळ स्वभावावर जातील. तेव्हा सगळे नाकतोडे वेचा आणि आत्ताच चिरडून टाका, म्हणजे कटकट मिटेल."

वडाच्या फांदीवरून एक वानरीण खाली उतरली. कळपातल्या साऱ्या पोरांना वळण लावायचे काम तिच्याकडे होते, आणि तिने लावलेले वळण चांगले असे, हे मान्य करायला हवे. ती म्हणाली, "काहीतरीच काय बोलता आजोबा! जन्मानं कुणी वाईट नसतं. जसं वळण मिळतं तसं आपण होतो. माझ्या हाताखालून काय कमी द्वाड पोरं गेली? पण कळपात राहून, मांडीला मांडी लावून बसून सगळी सुधारली. आणि ह्यांचं बघा. एक इकडे, एक तिकडे. बोलणं नाही, चालणं नाही. असं एकटं राहिलं की डोकी फिरतात. पलीकडच्यांचीही तशीच फिरली असणार. ह्यांना एकत्र आणा. दुसऱ्याला धरून राहायला शिकवा. मग बघा कसे सोन्यासारखे होतात."

"रक्त!" साळिंदर ओरडले.

"वळण!" वानरीण त्याच्याहून मोठ्याने ओरडली.

मुलांनो, दोघेही अर्धे बरोबर होते. पूर्ण चुकलेल्या माणसाला कधीतरी गप्प बसवता येते, पण अर्ध्या बरोबर माणसापुढे कुणाचे काही चालत नाही. संध्याकाळ होत आली तरी दोघे थांबेनात. तेव्हा सशीण धीर करून पुढे झाली. "माझ्या पिल्लांच्या कानावर बसतो हो तो," ती म्हणाली. "दिवसाकाठी एखादं पातं खातो. तुम्ही दोघं बोलताय, पण त्यालाच विचारा ना, त्याला काय वाटतं ते."

सगळ्यांच्या माना वळल्या. नाकतोडा सभेपासून दूर एका काटकीवर बसला होता. एवढे डोळे आपल्यावर रोखलेले पाहून तो हिरव्याचा फिका झाला. "मला..." तो अडखळला. "आम्हांला लांब लांब राहू द्या. बाकी काही नको."

"पाहिलंत?" साळिंदर म्हणाले. "अख्खा माळ ह्याच्यासाठी जमलाय, आणि ह्याला लांब राहायचंय."

"तेच तर म्हणतेय मी," वानरीण म्हणाली. आणि त्या एका गोष्टीवर मात्र दोघांचे एकमत झाले.

निर्णय असा झाला. माळाच्या उताराला एक अरुंद घळ होती. दोन्ही बाजूंना उंच कातळ आणि आत शिरायला एकच तोंड. माळावरचे सगळे नाकतोडे गोळा करून त्या घळीत ठेवायचे. वानरिणीने त्यांना एकत्र राहण्याचे शिक्षण द्यायचे. साळिंदराने तोंडाशी काटे उभारून बसायचे. सुधारले तर पुढच्या पौर्णिमेला सोडायचे, आणि जो घळीत जाणार नाही त्याला दिसेल तिथे चिरडायचे. दोन्ही बाजूंचा मान राखला गेला म्हणून सगळे खूश होऊन घरी गेले.

नाकतोड्याला तयार करण्याचे काम सशिणीकडे आले.

"ताई, तिथे सगळे एकत्र असणार," तो म्हणाला. "आमच्यात पायाला पाय..."

"अरे, इथे जीव जायची वेळ आलीय आणि तू पाय घेऊन बसलास? पौर्णिमेपर्यंतच तर आहे. मग मी स्वतः येईन तुला न्यायला."

"नक्की याल?"

"ताई म्हणतोस ना? मग?"

नाकतोड्याने आपल्या झुबक्याकडे पाहिले. धाकटे पिल्लू रडत होते. तो त्याच्या कानावर जाऊन बसला आणि त्याला झोप लागेपर्यंत तिथेच राहिला. मग म्हणाला, "तुम्ही सांगताय म्हणून जातो."

घळीत नाकतोडे इतके झाले, की कातळ दिसेनासा झाला. सुरुवातीला प्रत्येकजण भिंतीला चिकटून अंग आक्रसून बसला होता. "आधी तुम्ही," "छे, छे, आधी तुम्ही," असा नुसता गलका चालला होता. पण मागे सरायला जागाच नव्हती. मागे सरणारा तिसऱ्याच्या अंगावर जाई.

"हे 'आधी तुम्ही' पहिल्यांदा बंद!" वानरीण टाळी वाजवून म्हणाली. "लाजायचं नाही. जवळ या. आणखी जवळ. तू, कोपऱ्यातला, तुला वेगळं बोलावणं करायचं का?"

कोपऱ्यातला तो आपलाच नाकतोडा होता. तो सरकला, आणि त्याच्या मागच्या पायाला दुसऱ्या कुणाचा तरी पाय घासला. त्याच्या अंगातून शिरशिरी गेली. तो बाजूला झाला, तर तिकडे आणखी एक पाय. उडी मारली, तर खाली चार पाय. दिवसभर हेच चालले. पहिल्यांदा तो दर वेळी दचकून बाजूला होई, मग बाजूला होईनासा झाला. आणि संध्याकाळी एकदा शेजारचा जरा दूर सरकला, तेव्हा आपणच त्याच्या मागे सरकलो, हे त्याच्या ध्यानात आले. तेव्हा तो फार घाबरला. घळीतले गवत तर केव्हाच संपत आले होते, आणि ज्याला कधी एका पात्याहून जास्त लागले नव्हते, त्याच्या पोटात आता आग पडली होती.

सशीण भेटायला आली तेव्हा वानरिणीला केवढा आनंद! "बघ, कसा रमलाय तो! आला तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता. आता घोळक्यातून हलत नाही."

सशिणीने त्याला शोधून काढले. हिरव्या अंगावर कडेकडेने पिवळेपणा चढला होता. तिला पाहून तो मोठ्या कष्टाने घोळक्यातून बाहेर आला.

"ताई, मला आज घेऊन चला," तो म्हणाला.

"अरे, पौर्णिमेला..."

"आज न्या. आज मला वाटतंय की जावं. उद्या मला तसं वाटणारच नाही. माझ्यात काहीतरी होतं ताई, आधीपासून होतं, आईच्या आईला बहुतेक ते ठाऊक असावं. इथे ते जागं होतंय. झुबक्यावर असतो तर कधीच झालं नसतं."

त्याने याहून स्पष्ट काय सांगायला हवे होते? सशिणीने घळीच्या तोंडाकडे पाहिले. साळिंदर काटे फुलवून बसले होते. तिला आठवले, की पिल्ले घरी एकटी आहेत आणि घारीवर नजर ठेवायला आता कुणी नाही. साळिंदराशी वाद घालावा तर उशीर होणार. तिच्या मनात आले, एवढे काय होणार आहे आणखी चार दिवसांत?

"पौर्णिमेला नक्की येते," ती म्हणाली, आणि मागे न बघता पळत सुटली. बिचारी. मला तिचा राग येतो आणि तिच्या जागी मी काय केले असते हेही सांगता येत नाही.

पौर्णिमेला ती दिलेल्या शब्दाप्रमाणे गेली. घळीत गलका नव्हता. नुसती सळसळ होती. सगळे पिवळे, सगळ्यांवर काळे डाग, सगळ्यांची तोंडे एकाच दिशेला. त्यातला आपला कोणता, हे तिला ओळखू येईना.

"अरे, मी आले," तिने हाक मारली. "न्यायला आले."

कुणी मान वळवली नाही. पुढचे चालू लागले तसे मागचे चालू लागले, आणि कुणीही कुणाला आधी तुम्ही म्हणाले नाही. साळिंदराने काटे उभारले. टोळ त्याच्या काट्यांमधून, पोटाखालून, डोक्यावरून निघून गेले. वानरीण कातळावर चढून "रांगेत! रांगेत!" असे ओरडत होती, आणि ते रांगेतच होते. घळीच्या बाहेर उजेड लागताच त्यांनी पंख उघडले.

दुपारपर्यंत माळ संपला. सशीण जीव घेऊन घराकडे धावली तेव्हा तिच्या झुबक्याची थोडी पाती उभी होती आणि त्यांच्या आड तिन्ही पिल्ले एकमेकांना बिलगून बसली होती. तेवढ्यात एक टोळ उतरला तो थेट धाकट्या पिल्लाच्या कानावर.

"मामा!" पिल्लू हरखून ओरडले. "आई, मामा आला!"

टोळाने त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. तो कानावरून पात्यावर गेला आणि ज्या पात्याआड पिल्लू लपले होते ते त्याने बुडापर्यंत खाल्ले. मग शेजारचे. तो खरेच मामा होता, की दुसराच कुणी सहज तिथे उतरला होता, हे सशिणीला जन्मभर कळले नाही. झुबका संपला तशी ती सगळी धाड उडाली आणि दिसेनाशी झाली.

मागे उघडी माती उरली. त्या मातीवर तीन पिल्ले, लपायला काडी नाही. घारीची सावली आली तेव्हा करकर असा आवाज करायला कुणी नव्हते. घार दोनदा आली, आणि सशिणीजवळ एकटे धाकटे पिल्लू राहिले.

वडाखाली पुन्हा सभा भरली. "मी म्हटलं नव्हतं? रक्त!" साळिंदर म्हणाले. "जागा चुकली," वानरीण म्हणाली. "घळ कोंदट होती. चांगलं वातावरण मिळालं असतं तर माझी पोरं अशी निघाली नसती." ते दोघे अजूनही भांडतात, असे म्हणतात. सशीण सभेला गेली खरी, पण बोलली नाही. तिला एकटीला ठाऊक होते. त्या घळीत सशांना कोंबले असते, तर ससे गुदमरून मेले असते, पण त्यांचे टोळ झाले नसते. आणि तोच नाकतोडा आपल्या झुबक्यावर राहिला असता, तर तेच रक्त अंगात घेऊन म्हातारा झाला असता आणि पोरांचा मामा म्हणूनच मेला असता. हे तिने सांगितले असते तर कदाचित कुणी ऐकले असते. पण दोन पिल्ले गेलेल्या आईला बोलावेसे वाटत नाही.

पुढच्या वर्षी गवत पुन्हा आले. धाकटे पिल्लू आता मोठे झाले होते. एका सकाळी आई आणि ते त्याच जुन्या जागी चरत असताना सशिणीच्या पंजासमोर काहीतरी हलले. मातीत राहिलेल्या एखाद्या अंड्यातून निघालेला तो एक इवलासा नाकतोडा होता. हिरवागार. त्याच्या आसपास दूरवर त्याच्यासारखे दुसरे कुणी नव्हते. पंजा पाहून तो थबकला, अंग चोरून एक पाऊल मागे सरला आणि म्हणाला, "आधी तुम्ही."

हे त्याला शिकवायला आई उरली नव्हती. हेही त्याच्या रक्तातच होते.

"आई!" पिल्लू आनंदाने ओरडले. "आई, बघ, मामा!"

सशाच्या जातीत कुणी कधी कुणाला मारलेले नाही. त्यांना नखे उगारता येत नाहीत, दात दाखवता येत नाहीत. सशिणीलाही मारायचे माहीत नव्हते. तिने त्या इवल्या जिवाकडे पाहिले. हा एकटा आहे, माळ मोकळा आहे, ह्याच्याकडून काही होणार नाही, हे सगळ्या माळावर तिच्याइतके कुणालाच कळत नव्हते. सगळे कळत असताना तिने मागचा पाय उचलला आणि जोराने खाली आपटला.

पायाला हिरवा डाग लागला. तिने तो गवतावर घासला, मातीवर घासला.  पिल्लू आईकडे आणि मग तिच्या पायाकडे बराच वेळ पाहत राहिले. त्या दिवसापासून गवतात हिरवे काही हलले की आईने सांगायच्या आधीच ते पाय आपटू लागले.

तात्पर्य : कोण कसा निघेल हे एकटे रक्त ठरवत नाही आणि एकटा भोवतालही ठरवत नाही, दोघे मिळून ठरवतात, आणि ज्याला हे कळते, त्यालाही ते दोघे सोडत नाहीत.